लहान मुलांना प्रवाळातले मासे कसे दाखवावेत?

रुचिका_प
नमस्कार मंडळी,
लेक साडेचार वर्षांची आहे. आम्ही अलिबागचे, त्यामुळे तिच्या लेखी मासा म्हणजे ताटातला. सुरमई, बांगडा, बोंबील बरोबर ओळखते, पण तळल्यावर. याशिवाय तिला एकच मासा माहीत आहे, कार्टूनमधला केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा.

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं घाटतंय. सासरेबुवांचं म्हणणं, या वयात नेऊन उपयोग काय, काही लक्षात राहणार नाही. मला ते पटत नाही. पण नेऊन नुसतं "ते बघ, ते बघ" करायचं तर तेही पटत नाही. बाजारातून चित्रांचे तक्ते आणले होते, तिने ते दुकान-दुकान खेळायला घेतले.

तर प्रश्न असे:
जाण्याआधी घरी काय करता येईल? या वयात पाण्यात उतरवावं की काचेच्या बोटीतूनच दाखवावं? आणि प्रवाळ हा दगड नसून प्राणी आहे, हे तिला कसं सांगू? (नवऱ्यालाही सांगायचं आहे.)

बटाटेवडा
रवा लावून दाखवावेत.

काकडआरती
+१. आगळ विसरू नका. बाकी चालू द्या, वाचतोय.

तिरफळ
वरच्या दोघांना उपास घडो.

रुचिका, माझं मत: नावांच्या मागे लागू नका, मासा करतो काय ते सांगा. "हा अमुक, तो तमुक" केलंत तर तिसऱ्या माशाला पोरं उठून जातात. मी भाचरांना चारच मासे सांगितले होते आणि ते पुरले.

पहिला पोपटमासा. दात चोचीसारखे जुळलेले. त्या चोचीने प्रवाळाच्या खडकावरचं शेवाळ खरवडतो, खडकाच्या कपच्यांसकट. घशात दातांचा आणखी एक संच असतो, तिथे त्याचं पीठ होतं आणि मागच्या बाजूने पांढरी वाळू पडते. मोठा पोपटमासा वर्षाला शंभर किलोच्या वर वाळू टाकतो. प्रवाळ बेटांवरच्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांत या वाळूचा वाटा मोठा असतो. म्हणजे आपण माशाच्या शीचा किल्ला बांधतो. हे ऐकल्यावर भाचा जो हसत सुटला तो जेवायला बसेपर्यंत हसत होता. या वयात शी या विषयाला तोड नाही.

दुसरा सफाई करणारा रास (इंग्रजीतला wrasse मासा). बोटाएवढा, अंगावर काळा पट्टा, बाकी निळसर. हा खडकावर एक जागा धरून असतो आणि मोठे मासे तिथे आपणहून येतात, न्हाव्याच्या दुकानात बसावं तसे आपली पाळी येईपर्यंत थांबतात. गोबरा येऊन आ करतो, हा त्याच्या तोंडात शिरतो, कल्ल्यांतून बाहेर येतो, चिकटलेले परजीवी आणि मेलेली कातडी खातो. गोबरा त्याला गिळत नाही. पुढची गंमत अशी की दिसायला हुबेहूब असाच एक तोतया आहे. तो ब्लेनी जातीचा. गिऱ्हाईक निवांत थांबलं की लचका तोडून पळतो.

तिसरा केंड, म्हणजे फुगणारा. चौथा तुमच्या लेकीचा केशरी, पण तो एकटा सांगू नका, त्याच्या ॲनिमोनसकट सांगा (फुलासारखा दिसणारा, दंश करणारा प्राणी, त्यात तो राहतो).

हे चार घट्ट झाले की बाकीचे आपोआप चिकटतात.

निळूभाऊ
तिरफळ, सविस्तर प्रतिसाद आवडला, पण नावांबद्दल साफ असहमत. आमच्या चिरंजीवांनी चौथ्या वर्षी डायनासोरांची अशी नावं पाठ केली होती की आमची जीभ वळेना. मुलांना नावं हवी असतात. नाव कळलं की तो मासा "माझा" होतो. समुद्रात बोट दाखवून "आई, सर्जन!" असं ओरडण्यातला आनंद तुम्ही का काढून घेताय?

आणि सर्जन माशाला शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खरंच सुरीसारखा काटा असतो. नाव सांगितलं की काम आपोआप कळतं.

तिरफळ
म्हणजे शेवटी कामच सांगितलंत ना!

निळूभाऊ
नावातून!

काकडआरती
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रवा लावलेले.

भरतीओहोटी
अंदमानच्या आधी एक रंगीत तालीम जवळपासच करा. मुंबईत हाजी अली, गिरगाव, जुहूच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला जो संसार उघडा पडतो तो बघून मोठी माणसंही चाट पडतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ पासून अशा किनाराफेऱ्या काढतो, लहान मुलं घेऊन आलेले पालक त्यात पुष्कळ असतात. मुंबईच्या किनाऱ्याला प्रवाळ आहे हेच बऱ्याच मुंबईकरांना कोस्टल रोडच्या वेळी कळलं. २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा. अर्थात अंदमानसारखा रंगीबेरंगी देखावा इथे नाही. लहान गोबी, डबक्यात अडकलेले ब्लेनी, खेकडे, ॲनिमोन असा मामला.

दुसरी जागा जामनगरजवळचं नरारा. कच्छच्या आखातातलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ चं. तिथे पोहायचं नाही, चालायचं. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की घोट्याएवढ्या पाण्यातून प्रवाळाच्या कडेकडेने फिरता येतं. अष्टपाद, ब्रिटल स्टार, समुद्री गोगलगायी, केंड, सगळं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. खरं सांगायचं तर चार-पाच वर्षांच्या मुलांना ही जागा आपल्यापेक्षा जास्त झेपते. ती उकिडवी बसतात आणि तासभर उठत नाहीत. आपली कंबर बोलायला लागते.

वेळ मात्र पंचांग बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सगळ्यात खोल जाते. अष्टमीच्या सुमारास गेलात तर पाणी फारसं हटत नाही आणि पोरं कंटाळतात.

एक विनंती. तिथले काही वाटाडे केंड हातात धरून, दाबून फुगवून दाखवतात. पोरं टाळ्या पिटतात. तो मासा जीव वाचवायला फुगतो, खेळ म्हणून नाही. आधीच सांगून ठेवा की नको, न फुगवता दाखवा. न फुगलेल्या केंडाचा चेहराही पुरेसा मजेशीर असतो.

ससा_कासव
त्या केशरी माशाबद्दल थोडं. कार्टून बघून आलेल्या मुलांसाठी खरी गोष्ट त्याहून भारी आहे, पण सांगायची कशी हा आमच्याकडे पेच पडला होता.

एका ॲनिमोनमध्ये यांचं छोटं बिऱ्हाड असतं. सगळ्यात मोठी मादी, तिच्याखालोखाल नर, बाकीची छोटी कंपनी. जन्मतः सगळे नरच. मादी मेली की नराची मादी होते आणि छोट्यांतला सगळ्यात मोठा पुढे सरकून नर होतो. तेव्हा आई गेल्यावर बाबांनी लेकराला शोधत समुद्र पालथा घालायचा हा प्रसंग प्रत्यक्षात जरा वेगळा झाला असता.

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग बाबा आई झाला की पोळ्या कोण करणार?" आमच्याकडे पोळ्या बाबाच करतो, त्यामुळे काहीच अडलं नाही.

बटाटेवडा
हा प्रतिसाद सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्या माझ्याकडे टक लावून बघतायत. मी ॲनिमोनमध्ये जातोय.

निळूभाऊ
@ससा_कासव, एवढ्या लहान मुलांना हे सांगायची गरज आहे का? गोंधळ नाही उडणार?

ससा_कासव
मुलांचा नाही उडत. अळीचं फुलपाखरू होतं हे ती शांतपणे ऐकतात, त्यात हे काय विशेष! "या माशांमध्ये असं असतं" एवढं पुरतं. नर अंड्यांची राखण करतो, पंखांनी त्यांना वारा, म्हणजे ताजं पाणी घालत राहतो, हेही सांगा. आमच्याकडे मग बाहुल्यांना पंख्याने वारा घालायचा कार्यक्रम चालू झाला.

तिरफळ
सहमत. आणि ॲनिमोनचे दंश त्याला का बाधत नाहीत, तर अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे. हे दाखवायला मी भाच्याच्या हाताला शिजवलेल्या भेंडीचा बुळबुळीतपणा लावला होता. वहिनीने मला घराबाहेर काढलं, पण भाच्याला अजून आठवतं.

मालवणची_वैनी
नमस्कार. आमचा होड्यांचा धंदा, घो आणि दीर पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतात, म्हणून लिवते.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आमच्याकडेही प्रवाळ आहे, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. अंदमानसारखं पाणी नितळ नाही, खोटं का सांगू. पण पावसाळा सरून पाणी निवळलं की, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चांगलं दिसतं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे तर अंगाभोवती गोळा होतात.

का गोळा होतात? तर ब्रेड. लोक ब्रेड घेऊन पाण्यात उतरतात, मूठ उघडली की शंभर मासे. फोटो झकास येतो. पण माशांची सवय मोडते, जे शेवाळ खायचे ते खायचं सोडून माणसांच्या मागे फिरतात, आणि दांडगे मासे बाकीच्यांना हाकलतात. आमचे दीर आता ब्रेड नेत नाहीत, तर गिऱ्हाईक म्हणतं, शेजारच्या होडीत देतात, तुम्ही का नाही? पोरांना दाखवायचं असेल तर पाच मिनटं गप तरंगत राहायला शिकवा, मासे आपसूक येतात.

आणि केंड तुम्हाला मजेशीर वाटतो होय! आमची जाळी कुरतडून टाकतो मेला. विषारी, खायचाही नाही. थव्याने आला की पागींच्या पोटात गोळा येतो.

इलास तर घराक येवा.

भरतीओहोटी
वैनी, ब्रेडचा मुद्दा लाखमोलाचा. धागा वर आणायला हा एकच प्रतिसाद पुरे.

कोरडा_किनारा
सुरक्षिततेचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी पोहायला शिकवतो, समुद्रातला तज्ज्ञ नाही.

साडेचार वर्षांच्या मुलांना स्नॉर्कलची नळी बहुतेकदा झेपत नाही. तोंडाने श्वास, नाक बंद, ओठांत रबर, आणि वर लाट, एवढं एका वेळी होत नाही. नुसता मास्क द्या, नळी राहू दे. मुलांच्या मापाचा मास्क घ्या, मोठ्यांचा आवळून घालू नका. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली सर्रास मिळतात, लहान मुलांना ते देऊ नका. आत सोडलेला श्वास पुन्हा आत घेतला जाण्याचा धोका असतो आणि घाबरल्यावर पोराला तो पटकन काढता येत नाही.

आधी घरी बादलीत, मग तरणतलावात. बादलीच्या तळाशी चमचे, नाणी टाका आणि मास्क लावून मोजायला सांगा. मोजताना हसली की समजा जमलं.

स्कूबाचा विचार इतक्यात करू नका. पाडीसारख्या संस्था तरणतलावातल्या अनुभवालाही किमान ८ वर्षं धरतात आणि समुद्रातल्या प्राथमिक अभ्यासक्रमाला १०. कोणी किनाऱ्यावर "चालतंय हो, आम्ही धरतो" म्हणालं तरी नको.

आणि एकच नियम, घरापासून घोकून घ्या: हात लावायचा नाही. दगडमासा हा खरोखर दगडासारखा पडून असतो, पाठीवर विषारी काटे. सिंहमासा झिरमिळ्या लावून संथ फिरतो, त्याचेही काटे विषारी. कोन शंख दिसायला सुंदर आणि डंख जीवघेणा. पायांत रबरी बूट हवेतच.

रुचिका_प
अरे वा, केवढे प्रतिसाद! सगळ्यांना एकेक करून उत्तर देते.

बादली-चमचे कालच केलं. चमचे मोजून झाल्यावर तिने बादलीत पोळीचा तुकडा टाकला, "माशांना". वैनींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. आता ती घरात सगळ्यांना सांगत फिरते आहे, "मासे घरचं खातात, आपलं नाही."

@ससा_कासव, ते मी आज्जींसमोर सांगितलं. आज्जी म्हणाल्या, "बरं आहे की."

पण प्रवाळाचं अजून अडलंय. दगडाला तोंड कुठे, असा प्रश्न आहे. (नवऱ्याचा.)

पाटीपेन्सिल
मी बालवाडीत शिकवते. तुमच्या यजमानांसाठीही चालेल असा उपाय देते.

एक चित्र काढा: पोकळ छोटा नळकांडा, वरच्या टोकाला तोंड, तोंडाभोवती बोटं. हा एक पॉलिप. तो खाली चुन्याचं घर बांधतो. शेजारी दुसरा, तिसरा. शाळेत आम्ही प्रत्येक मुलाला मोजे देतो. हात मोज्यात घालून मूठ मिटायची, ती दिवसाची वेळ. दिवे मालवले की बोटं बाहेर, कारण बऱ्याच जातींचे पॉलिप रात्री बोटं पसरून पाण्यातलं बारीक खाणं पकडतात. वीस मुलं एकमेकांना चिकटून बसली की एक वसाहत. मग "दगडाला तोंड कुठे" हा प्रश्न राहत नाही. वीस तोंडं एकदम उघडी असतात, आणि ओरडत असतात.

पॉलिपच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हात अन्न तयार करून त्याला देतं आणि रंगही बराचसा त्याचाच, हे आम्ही हिरव्या-तपकिरी टिकल्या लावून दाखवतो. एवढं पुरे.

आणि तिरफळ यांच्या सफाईवाल्या माशाचा आम्ही खेळ केला आहे. एक मूल गोबरा, आ करून उभं राहतं. एक सफाईवाला. एक तोतया. गोबऱ्याने ओळखायचं कोण कोण आहे. तोतया व्हायला सगळ्यांना आवडतं, तेव्हा चावण्याऐवजी चिमटा, हा नियम आधी ठरवा. आम्ही तो पहिल्या दिवशीच ठरवला आणि तरी एका गोबऱ्याची आई शाळेत आलीच.

तिरफळ
पाटीपेन्सिल, दंडवत घ्या.

ता. क. हा सफाईवाला मासा आरशाच्या चाचणीतही उतरला आहे. २०१९ च्या एका संशोधनात त्याच्या गळ्यावर खूण केली, आरसा दाखवला, तर तो खडकावर गळा घासून ती खूण काढायला बघत होता. मासे स्वतःला ओळखतात का यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण पोरांना आरसा देऊन ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

पोर्टलुईसवरून
मी नोकरीनिमित्त मॉरिशसला राहते. इथे मराठी समाज जुना, एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर आलेल्यांचा. घरात क्रिओल ही इथली बोली चालते, पण गणपती जोरात, त्या दिवशी देशभर सुट्टी असते.

इथली पोरं प्रवाळाच्या कुशीतच वाढतात. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची कड आहे, लाटा बाहेरच फुटतात आणि आत खाजणासारखं उथळ, शांत पाणी. मूल कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मान घालून बघतं. ब्लू बेला काचेच्या तळाच्या बोटीही आहेत. मॉरिशसचा स्वतःचा एक क्लाउनफिश आहे, काळपट तपकिरी, पांढरे पट्टे. केशरी नसतो म्हणून बाहेरून आलेली पोरं तोंड वाकडं करतात. फसवलंत म्हणतात.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. मुलांना बघायला सांगण्याआधी ऐकायला सांगा. डोकं पाण्याखाली घातलं की सतत तडतड ऐकू येते, ती पिस्तुल कोळंब्यांची. त्यात मधूनच करकर असा आवाज आला की जवळपास पोपटमासा चरतोय. माझा मुलगा मासे शोधतो ते कानांनी. पाणी गढूळ असलं तरी ही करमणूक बुडत नाही.

काकडआरती
हे माहीत नव्हतं! मी अंदमानला जाऊन आलो, तडतड ऐकली होती आणि मास्क खराब आहे समजून दुकानदाराशी भांडलो होतो.

हौशी_मत्स्यपाल
एवढा आटापिटा कशाला? घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवा. रोज डोळ्यांसमोर. मी ठेवली आहे, मुलं दोन-दोन तास बसतात.

भरतीओहोटी
इथे मला बोलावंच लागेल. गोड्या पाण्याच्या टाकीत जे गप्पी, गोल्डफिश असतात ते बहुतेक पैदास केलेले. प्रवाळातल्या माशांचं तसं नाही. त्यातले बहुतेक समुद्रातून पकडून आणतात. फिलिपिन्स, इंडोनेशियात त्यासाठी प्रवाळावर सायनाइड फवारण्याचे प्रकार झाले आहेत, मासा गुंगतो आणि प्रवाळ मरतं. निळा टँग बघून पोर हट्ट करतं, पण तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला मोकळं पाणी लागतं.

हौशी_मत्स्यपाल
सरसकट बोलू नका. क्लाउनफिशची पैदास होते. आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पद्धत बसवली आहे. माझ्याकडचे दोन्ही पैदाशीचेच आहेत. आणि माझी मुलं शाळेत प्रवाळावर बोलतात ती त्या टाकीमुळेच.

भरतीओहोटी
पैदाशीचे असतील तर माझी हरकत मागे. पण नवख्याने खाऱ्या टाकीने सुरुवात करू नये. क्षार, तापमान, अमोनिया, एक बिघडलं की पोरासमोर मासे उलटे तरंगायला लागतात. लक्षद्वीपमध्ये अगत्तीला बेटावरच्या बायका शोभेच्या कोळंब्या वाढवतात, तसं काही वाढलं तर मीही टाकी घेईन.

निळूभाऊ
तारापोरवाला मत्स्यालयाची आठवण आली. १९५१ चं. मरीन ड्राइव्हवर उतरून आधी तिथे, मग भेळ. आमच्या पिढीने सिंहमासा पहिल्यांदा तिथल्या काचेतच बघितला. करोनापासून ते बंद पडलं आणि आता मुंबईतल्या पोरांना दाखवायचं तरी कुठे? मॉलमधल्या बोगद्यात? तिथे पोरं सेल्फीच काढतात.

अवांतर_आजोबा
धागाकर्ती अलिबागच्या म्हणून थोडं अवांतर. तुमच्या कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं एक प्रवाळ आहे. आंग्रिया बँक, बँक म्हणजे समुद्रातला उंचवटा. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, अख्खं पाण्याखाली. सगळ्यात उथळ भागही २० मीटर खोल, तेव्हा नातीला नेता येणार नाही. पण समाधीला नेलंत तर तिथे उभं राहून "या सरखेलांच्या नावाने समुद्रात माशांचं गाव आहे" एवढं सांगता येईल. आमच्या नातवाने लगेच विचारलं, तिथे तोफा आहेत का.

रुचिका_प
आजोबा, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. समाधी घरापासून चालत आहे आमच्या!

स्वच्छ_भूमिका
सगळं वाचलं, छान. पण एक गोष्ट कुणीच बोलत नाही. तुम्ही पोरांना रंगीत चित्रं दाखवून नेणार आणि तिथे पांढरा-करडा खडक दिसला तर? १९९८, २०१०, २०१६, आणि आता २०२४, पाणी तापलं की पॉलिप अंगातलं शैवाल बाहेर टाकतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०२४ मध्ये लक्षद्वीपला जबर फटका बसला. मी त्या वर्षी तिथे होतो. काही ठिकाणी वाटलं चुन्याच्या भट्टीतून पोहतोय. मुलांना हेही सांगायला हवं.

निळूभाऊ
चार वर्षांच्या पोराला? आधी प्रेम तर बसू दे. रडवून काय मिळणार?

पाटीपेन्सिल
निळूभाऊंशी अर्धी सहमत. आपणहून व्याख्यान नको. पण तिने विचारलं, "हे पांढरं का?" तर खरं सांगावं: पाणी फार गरम झालं, त्याला ताप आला, पाणी लवकर गार झालं तर ते बरं होऊ शकतं. मुलांना आजारपण कळतं. आमच्या वर्गात यावर कुणी रडलं नाही. एकाने फक्त "बर्फ टाकूया" असं सुचवलं.

स्वच्छ_भूमिका
एवढं सांगितलं तरी माझं समाधान आहे. जाता जाता: उन्हासाठी क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. काही क्रीमांतली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळाला बाधतात म्हणून हवाईने २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. पोराचं अंगही जास्त झाकलं जातं.

पोर्टलुईसवरून
रंगांचंच अजून एक. पाण्यात खोल जावं तसा तांबडा रंग आधी नाहीसा होतो. पुस्तकातले फोटो दिव्याच्या झोतात काढलेले असतात. त्यामुळे बोटीतून खोलवरचा मासा दाखवला तर तो निळा-करडाच दिसणार. मुलांना खरे रंग बघायला मिळतात ते गुडघाभर पाण्यात, उन्हात.

अंदमानी_पाहुणा
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तिकिटं काढायच्या आधी हे वाचलेलं बरं. दिवाळीऐवजी जानेवारी-फेब्रुवारी बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिकडे पाऊस आणि वादळांची शक्यता असते, बोटी रद्द होतात, पाणी गढूळ.

साडेचार वर्षांच्या मुलीसाठी माझा क्रम असा. नील, म्हणजे शहीद द्वीप, इथे लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक पुलाजवळ ओहोटीला खडकात डबकी राहतात. त्यात लहान मासे, प्रवाळ, समुद्रकाकड्या. पोहणं नाही, बोट नाही. स्थानिक वाटाड्या घ्या, पाय कुठे ठेवायचा ते तोच सांगतो, नाहीतर प्रवाळ तुडवलं जातं. ओहोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. भरतीला गेलात तर नुसता पूल दिसेल.

मग जॉली बॉय, वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट. काचेच्या तळाची बोट तिथे आहे. बेट वर्षातले काही महिनेच उघडं असतं, ते बंद असताना रेडस्किनला नेतात. प्लास्टिक नेऊ देत नाहीत, तेव्हा पोरीचा खाऊ स्टीलच्या डब्यात. बोटीत सगळे काचेवर वाकतात आणि लहान मुलांना फक्त मोठ्यांची डोकी दिसतात. तिला काचेच्या अगदी कडेला बसवा आणि आधीच बजावून ठेवा, नाहीतर काका लोक सरकत नाहीत.

हॅवलॉकच्या एलिफंट बीचला उथळ पाण्यात रबरी टायर धरून तरंगवतात, ते तिला मास्कची सवय झाली असेल तरच. आणि पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) शहरात नौदलाचं समुद्रिका संग्रहालय आहे, पावसाचा दिवस निघाला तर कामाला येतं.

एका दिवसात एकच जागा. दोन ठेवल्यात तर दुसऱ्या जागी ती झोपलेली असेल.

रुचिका_प
शेवटच्या वाक्याबद्दल तुम्हाला अनुभवी पालक म्हणून मानाचं पान.

ठरलं असं: दिवाळीत घरीच, त्याच सुट्टीत एकदा गिरगावची ओहोटी. अंदमान जानेवारीअखेर, नीलचा दिवस पौर्णिमेच्या जवळ येईल असा. चार मासे पक्के करतोय, तिरफळांचेच. पाचवा तिने स्वतः निवडला, सर्जन. निळूभाऊ खूश व्हा. सासऱ्यांना मोज्यांचा खेळ शिकवला, ते आता रोज संध्याकाळी दिवा घालवून बसतात.

एक शंका राहिलीच. तिला नुकताच चष्मा लागलाय, उणे दीड. मास्कच्या आत चष्मा बसत नाही. मग?

कोरडा_किनारा
चष्मा आत घालायचा प्रयत्न करू नका, काडीच्या फटीतून पाणी शिरतं. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, पण मुलांच्या मापात मुश्किलीने. लेन्स वगैरे या वयात नकोच. उणे दीडला बहुतेक निभावतं, कारण मास्कमधून पाण्यातल्या वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि थोड्या जवळ दिसतात. गुडघाभर पाण्यात मासा हातभर अंतरावरच असतो. काचेच्या बोटीत मात्र चष्मा लागेल, त्याला मागून दोरी बांधा. एकदा तरणतलावात बिनचष्म्याचा मास्क लावून बघा, तळाची फरशी मोजता आली तर काळजी नाही. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना एक फोन करा.

मालवणची_वैनी
दोरी दोन गाठींची बांधा गो. आमच्या होडीतून किती चष्मे समुद्राक गेले ता देवाकच म्हायत.